दाजींनी माझ्याआधी नंबर लावला

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्यात मी डीकन, म्हणजे धर्मगुरुपदाची पहिली पायरी! इतकी वर्षं सेमिनरीत पांढरा झगा घालून मिरवतोय, पण चर्चच्या कायद्यात मी अजून दाजींसारखाच प्रापंचिक. बिशपांनी डोक्यावर हात ठेवला की त्या क्षणी मी धर्मगुरूंच्या बाजूला. मधली जागाच नाही, एकदम भारी ना?

आणि माझ्या हातचा पहिला बाप्तिस्मा तुझ्या बाळाचा. हे बुकिंग समज! दाजींना म्हणावं, दिवसभर दुकानात केस कापायला लोकांची डोकी भिजवता, हे एक माझ्यासाठी सोडा.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, आम्ही दोघी ठीक आहोत. मुलगी झाली, पण फार लवकर. जन्मली तेव्हा निळी पडली होती, डॉक्टरांनी आशा सोडली. फादर येईपर्यंत थांबायची सोय नव्हती. मग तुझ्या दाजींनीच पेल्यातलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं आणि बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा दिला. आता बाईसाहेब अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतात!

पण आई म्हणते, कात्रीवाल्यानं दिलेला बाप्तिस्मा कसला, धाकटा येऊन नीट करेल. तेव्हापासून हे पोरीला उचलून घ्यायलाही धजत नाहीत. आपण पोरीचं काहीतरी बिघडवलं, असं यांच्या मनानं घेतलंय. तुला पहिला मान हवा होता, ठाऊक आहे. तरी कायद्यात असेल ते खरं लिही.

माया आहेच.
ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. भाचीला पापा.

आधी थोडा रडलो, मग पुस्तक काढलं. दाजींनी काहीतरी चुकवलेलं असावं म्हणून शोधत होतो, शपथ! काहीच सापडेना. पाणी होतं, शब्द बरोबर, मनापासून दिलेला. जीव धोक्यात असेल तर कुणीही देऊ शकतो. आईला सांग, पक्का आहे. परत द्यायला बंदी आहे, मलाच काय, बिशपांनाही. दाजी प्रापंचिकच राहिले आणि तरी माझ्याआधी पोचले!

विधीतलं तेल लावणं, पांढरं कापड आणि प्रार्थना, तेवढं चर्चमध्ये व्हायचं उरलंय. उरलंसुरलं तरी मला ठेवा. आणि तेव्हा तिला दाजींनीच धरायचं. मी आजवर एवढं लहान बाळ हातात घेतलेलं नाही. पोरगी निसटली तर कायदा काय म्हणतो, ते मला शोधायचं नाहीये.

लोभ ठेव, जागाही ठेव.
तुझा धाकटा,
अजून प्रापंचिकच