भाकरीची कड

माय,

आज सकाळपासून जिवाला चैन नाही. एक ताट सोडून सगळी भांडी घासली, ओटा दोनदा पुसला आणि शेवटी तुझ्याशी भांडायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, वयानं मी तुझ्याही पुढे गेले, तरी सोलापूरच्या दवाखान्यातली ती दुपार डोक्यातून जात नाही.

तुला घास उतरेना तेव्हा आधी सगळ्यांनी पित्तच म्हटलं. मग भाकरी अडायला लागली, मग भात, शेवटी पाणीसुद्धा. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. अन्ननलिकेचा कॅन्सर आहे, बरा होण्यापलीकडे गेलाय, दुर्बिणीतून आत नळी बसवली तर गिळता येईल, एवढंच. बसवताना अन्ननलिका फाटू शकते, रक्त जाऊ शकतं, नळी खाली सरकू शकते, घट्ट काही खाल्लं तर तुंबते. यातलं निम्मंच तुला सांगायचं मी मनाशी ठरवत होते, तर तू दाराशीच उभी.

"फाटलं तर?" तू विचारलंस.

"मग आमच्या हातात फारसं काही राहत नाही," डॉक्टर म्हणाले.

तू पदर सावरलास. "दुष्काळात उपाशी राहून बघितलंय म्या. आता खाऊन मरू द्या. बसवा तुमची नळी."

नळी बसली. ते दिवस आठवले की मला अजून हसू येतं. घरची म्हैस असून दूध सगळं डेअरीला जायचं, चहापुरतं तेवढं मागे राहायचं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तू पेलाभर दूध प्यालीस आणि म्हणालीस, "लई गोड हाय गं दूध. डेअरीवाल्यांची चैन हाय." जेवल्यावर नळी साफ राहावी म्हणून सोडा प्यायचा होता. तेर गावच्या एसटी स्टँडवरून मी गोटीसोड्याच्या बाटल्या आणते, गोटी फस्सकन आत जाते, तू दचकतेस, आणि मोठा ढेकर आला की नव्या सुनेसारखी लाजतेस. उताणं झोपायचं नाही, म्हणून तुझ्या पाठीशी वाकळांची चवड.

पण आपल्या घराचा एक कायदा होता. दुष्काळी कामावर तू खडी फोडायला जायचीस, तिथं मजुरांना खायला मिळणारी सुकडी फडक्यात बांधून आम्हाला आणायचीस आणि फडकं झटकून हातावर पडलेली भुकटीही चाटायला लावायचीस. तेव्हापासून ताटात काही टाकणं म्हणजे आपल्याकडे पाप. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मऊ होणार नाही ते सरळ टाकून द्या. सगळे धोके सांगितले त्यांनी, हा एक त्यांना ठाऊकच नव्हता.

त्या दिवशी दुधात कुस्करलेल्या भाकरीची एक कड भिजायची राहिली. मी म्हटलं, "राहू दे ती, म्हशीला घालते."

"एवढुशी तर हाय. टाकायची कशाला?" तू म्हणालीस, आणि गिळलीस.

नळी तुंबली. बाटलीभर सोडा प्यालीस, तो तसाच परत आला. थुंकीसुद्धा उतरेना. एसटीनं पुन्हा सोलापूर. दुर्बीण पुन्हा आत गेली, कड निघाली, आणि ती काढतानाच अन्ननलिका फाटली. तू घरी परत आलीच नाहीस.

मी डॉक्टरांवर चिडलेली नाही, त्यांनी काही लपवलं नव्हतं. मी तुझ्यावर चिडलेय, माय. एका कडेपायी गेलीस. मग तो दुधाचा पेला आठवतो, तुझ्या ओठांवरची साय आठवते, आणि नळी बसवायलाच नको होती असंही म्हणवत नाही. हे दोन्ही मनात एकदम चालू असतं. ते मला बसू देत नाही.

म्हणून आज जेवताना मी मुद्दाम ताटात भाकरीची कड टाकली. तुला दाखवायला. हात धुतले, बाकीची भांडी घासली, तेवढं ताट घासवेना. हा कागद तुझ्यापर्यंत पोचणार असता, तरी मी तो पाठवला नसता. "शेवटी मीच जिंकले," म्हणाली असतीस. मघाशी लिहिता लिहिता उठले आणि ती कड खाल्ली. वाळून कडक झाली होती. बारीक चावून खाल्ली.