सात नंबरची क्वार्टर, मालक आम्ही

३ जानेवारी १९९९
कॉलनीतल्या क्वार्टर कंपनी कामगारांनाच विकणार. बातमी पक्की. मॅनेजर विजयसिंह साहेबांनी स्वतः सांगितलं. खाणीपासून हाकेच्या अंतरावर, सागवानी दारांचं घर. मी स्टोअरकीपर, मालाची पारख मला आहे. निश्चय: पहिला अर्ज माझा.

४ जानेवारी
शांतव्वा म्हणते, अहो, एवढं चांगलं हाय तर साहेब का घेईनात? बायकोला प्रॉपर्टीतलं कळत नाही. साहेबांची कोल्हापुरात बदली होतेय, म्हणून.

११ जानेवारी
कंपनीचा व्हॅल्युअर आला. दारं, चौकटी, वासे, कौलं, सगळं मोजलं. बिजागऱ्यांचे स्क्रू फिरतात का तेही पाहिलं. जमिनीकडे ढुंकूनही नाही. म्हटलं, परसात आंबा हाय की. म्हणाला, पावणं, आंबा यात धरत न्हाय. खरा पारखी, फालतू गोष्टीत शिरत नाही. किंमत इतकी कमी लावली की मलाच त्याची दया आली.

२४ जानेवारी
शांतव्वाचा भाऊ बसवेश आला. हातकणंगल्यात तिला माहेरून मिळालेला प्लॉट आहे, तो विकून क्वार्टर घ्यायची असं मी ठरवलंय. तो म्हणाला, दाजी, घर तुमचं, आन् खालची जमीन कुणाची? मी म्हणालो, घर काय हवेत ऱ्हातंय व्हय? चहा संपवून उठला. पटलं असावं. शांतव्वा म्हणाली, म्हातारपणी डोक्यावर कौल पायजे, एवढंच बघा. आणि प्लॉटच्या विक्रीवर सही केली.

८ फेब्रुवारी
मालक झालो. दारावर पाटी लावली. आमच्या ओळीतले सगळे आपापली दारं, कौलं उतरवून गावी निघाले. घेतलेलं घर कुणी मोडतं का? अडाणी लोक. आता इतकी शांतता आहे की आपलाच खोकला ऐकू येतो. शांततेला शहरात भाव असतो.

२ मार्च
ब्लास्टिंगवाल्या आकारामने परसात ड्रिल मारलं. बोअरवेल असणार. तो म्हणाला, पाणी कुठलं अण्णा, खाली माल हाय, लई झक्कास बॉक्साइट. माझ्या घराखाली! भाव दुप्पट धरायला हरकत नाही. शांतव्वा फळीवरची भांडी खाली काढत होती. का, ते विचारलं नाही.

९ मार्च
घराभोवती फक्कीची पांढरी रेघ मारून गेले. कंपाउंडची आखणी दिसते. आंबा आत आलाय.

१५ मार्च
बॉक्साइटमधला हिस्सा मागायला साहेबांकडे गेलो. साहेब शांतपणे म्हणाले, प्रभुलिंग, जमीन कंपनीच्या लीजवर आहे. तुम्हाला क्वार्टर मोडीच्या भावाने दिली. ती तुमचीच, कंपनी हात लावणार नाही. फक्त उचलून न्या. आपल्याकडे रीतच आहे, खाण पुढे सरकली की लोक दारं-कौलं नेतात आणि आपल्या जागेवर उभी करतात. तुमचा तर हातकणंगल्याला प्लॉट आहे ना?
मी हो म्हणालो.

१८ मार्च
दारं उतरवली. सागवान खरोखर उत्तम, व्हॅल्युअरचं चुकलं नव्हतं. पाटी मीच काढली. ट्रकवाला ज्ञानू विचारून गेला, अण्णा, माल उतरवायचा कुठं? शांतव्वाने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कौलं रचू लागली.
आकाराम सांगून गेला, उद्या धाला सुरुंगाचा पहिला भोंगा. दुसऱ्या भोंग्याला रेघेच्या आत कोंबडंबी दिसाय नको.
ट्रक त्याआधी येईल. पत्ता तेवढा ठरायचा आहे.