आपल्या देगीतला लाल

प्रिय महानंदा,

तुझ्या दिरानं, पंढरीनं, आनलेला लाल धागा पोचला. भूकंपात तुझा पाय मोडला, सोलापूरच्या दवाखान्यात टांगून ठेवलाय म्हनला. मी निघालेच होते, पर तान्ह्या मनतशाला कुठं ठेवू? छत दिसलं का मी उंबऱ्यावरूनच मागं फिरते. आमचं उदगीरचं घर पडलं न्हाई, भिंतीला नुसती भेग गेली, तरी समदे अंगनातच हाव. लेकरू झोपलं का मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बघते. मनतशाचा अब्बा आसिफ म्हनतो येडी झालीस. होऊ दे.

तुला आठवतं का, तू माहेरी आल्तीस, आपून दोघी पोटुशा. तुझ्या सासऱ्यानं कातरलेली पांढरी लोकर, तूच कातून आनलेली. अम्मीनं आधी ती तुरटीच्या पान्यात भिजवली, मग तांब्याच्या देगीत लाल रंगासाठी मजिठाच्या मुळ्या टाकल्या. आपून काडीनं हलवीत बसलो. अम्मी वरडायची, उकळू देऊ नका गं, लाल करपून जाईल. तुझं ध्यान कुठं? तुला डोहाळे आंबटाचे. लिंबू चोखता चोखता थेंब पडला धाग्यावर, अन् तेवढी जागा नारिंगी झाली. अम्मीनं पळी उगारली, म्हनली, हिच्या पोटातलं बी असंच उपद्व्यापी निघंल. आपून किती हसलो. त्याच लोकरीच्या तुझ्या सासऱ्यानं दोन लहान घोंगड्या विनल्या. एक माझ्या मनतशाची, एक तुझ्या सिद्धलिंगची.

पंढरीनं समदं सांगितलं. लातूरच्या दवाखान्यात एक तान्हं लेकरू हाय, तुमच्या गल्लीतल्या ढिगाऱ्यातून जितं निघालेलं तेवढंच, तोंड सुजलेलं, अंगावर लाल लोकरीचं फडकं. पंढरी परगावी कामाला, सिद्धलिंगला त्यानं बारशालाच पाह्यलेलं, त्याला काय ओळखू येनार, अन् घरातलं दुसरं कोनी उरलं न्हाई ओळखायला. डाक्टर ओळखीची निशानी मागत्यात. म्हनून तू फडक्याचा धागा माझ्याकडं धाडलास, गौसिया आपल्या देगीतला रंग ओळखंल म्हनून.

महानंदा, धागा मी ओढनीच्या टोकाला बांधून फिरले. सोडून बघायची हिंमत होईना. आसिफ म्हनला, लिहून टाक ना, ‘हो’ म्हनून, कोनाचं काय जातंय, तिला लेकरू भेटंल. मला बी तसंच वाटलं गं. खरंच वाटलं. मंग मनतशाकडं बघितलं, अन् वाटलं, ही कुठं अशी पडली असती अन् दुसरीच कोनी रंग सांगून घेऊन गेली असती तर?

मंग लिंबू कापलं. आधी मनतशाच्या घोंगडीवर थेंब सोडला. नारिंगी झाला. तुझ्या धाग्यावर सोडला. लालच राह्यला. पानी तापवून त्यात बुडवला, तर पानी गुलाबी झालं, बाजारातल्या पुडीच्या रंगावानी. अम्मीला दाखवला. अम्मी तोंड फिरवून बसली.

तो आपल्या देगीतला न्हाई, महानंदा. ते तुझं लेकरू न्हाई. आपला सिद्धलिंग गेला गं. हेच लिहायला बसले अन् देगीच्या गप्पा मारीत राह्यले. माझा भाऊ जीशान लातूरला शिकवनीला हाय ना, शिकवन्या बंद हायत म्हनून पोरं दवाखान्यात पानी वाटून राह्यलीत. तो म्हनतो, त्या लेकराला अजून कोनीच आलं न्हाई, रडून रडून आवाज बसलाय. मी मनतशाची घोंगडी मधोमध कापली. लिंबाचा डाग पडलेली अर्धी पंढरीसंगं धाडते. उराशी धरून ठेव, न्हाईतर त्या लेकराला पांघराय पाठव, तुझं मन म्हनंल तसं. त्याची माय आली तर तिचं तिला. न्हाई आली तर, तुझा पाय टेकला का आपून दोघी त्याला आनायला जाऊ. दवाखान्याला छत हाय, मला ठाव हाय. मी येईन.

तुझीच, एका देगीतली,
गौसिया