लिफ्टचं पत्र आणि तुझा डोळा

ताई, तुला वाकून नमस्कार. आम्ही इकडे सुखरूप आहोत.

मी सूनबाईकडून इंग्रजी पत्रं लिहायला शिकतेय. माझे क्रियापदांचे काळ चुकतात, पण ती हसत नाही.

ती एका इमारतीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघते; काल जेवताना तिला तिथल्या साहेबांचा फोन आला. "लिफ्ट दुरुस्त झाली, असं भाडेकरूंना कळवून टाका." ही म्हणाली, "साहेब, मेकॅनिक अजून आतच आहे. भूतकाळ उद्या लिहीन." आज स्वतः लिफ्टने वर-खाली करून आली, मगच लिहिलं. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या ह्यांना, तिने पाहिलंही नाही, पण खात्री केल्याशिवाय लिहायचं नाही ही त्यांचीही सवय होती. मला भरून आलं.

तुझा डोळा बरा झाला असं कळवलंस, पण अक्षर भाचीचं आहे. ताई, खरंच बरा झालाय, की अजून होतोय? वाकडंतिकडं चालेल, पण तुझ्या हाताने लिही.

तुझी धाकटी