डावीकडे बघणारा हॉकीवाला

शनिवार, टेमघर. दिवेलागण.

कार्ड सोडून आलो. मुंबईच्या लिलावात तेच एक हवं होतं मला. अनवाणी हॉकी संघाचं जुनं फोटो-पोस्टकार्ड. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, शेवटचा एकटाच डावीकडे. फोटोबाहेरच्या कुणाला तरी बघून ओठांतल्या ओठांत हसतोय.

बोलीआधी हातात घेऊन बघायला दिलं, तेव्हा खिशातली भिंगाची काच लावली. तीच, दुकानात तागे घेताना वीण तपासायची. सवय मेली, आधी त्याच्या सदऱ्याचे धागेच मोजायला लागलो! धागे कसले, बारीक ठिपके. ओळीने, मागावरून उतरल्यासारखे. खऱ्या फोटोत असे ठिपके नसतात. हे कुठूनतरी छापून काढलेलं. कडा बहुतेक चहात बुडवून पिवळ्या केलेल्या. बोलीच लावली नाही. शहाणपणा केला ना? केलाच.

मग तो डोळ्यांपुढून हलत का नाही? हेमा वैतागली. "अहो, नकली होतं ना? मग सोडा की आता."

नकली, कबूल. पण नक्कल कुठल्यातरी असलीचीच करतात ना? म्हणजे तो कधीतरी खरंच उभा होता, दव पडलेल्या मैदानावर, अनवाणी. आणि डावीकडे कोणीतरी होतं. कोण?

खालच्या लूमची खडखड चालली होती, एका लयीत, गुंगी येईल अशी. गॅलरीत उभ्या उभ्या मी उगाच त्याच्यासारखी मान वळवली. डावीकडे.

दारात हेमा, चहाचे दोन कप घेऊन.

"काय हसताय?" म्हणाली.