पेवाच्या तोंडाशी चहा

आप्पा,

तुम्ही पेवात कधीच उतरला नाहीत. मागच्या गुरुवारी मी वर्गात सांगितलं की माझे वडील दोरीला कंदील बांधून जमिनीखालच्या हळदीच्या पेवात सोडायचे आणि ज्योत टिकली की सगळ्यांच्या आधी स्वतः उतरायचे. त्यातला कंदील तेवढा खरा. उतरायचे हमाल. तुम्ही त्यांचे मुकादम, आणि तुम्ही पेवाच्या तोंडाशी बैठक मारून चहा मागवायचात. एक चहा झाला की दुसरा. तोवर कुणी आत पाय टाकायचा नाही. हमाल आपसांत तुम्हाला ‘च्याचं मुकादम’ म्हणायचे आणि ते तुम्हाला ऐकू जायचं, हे मला त्या वयातही कळत होतं.

मी खोटं का बोलले ते आधी सांगते. मी आता साताऱ्यात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते, पण विज्ञानाच्या मुलांना नाही. हल्ली कला आणि वाणिज्यच्या मुलांनाही विज्ञानाचा एक विषय घ्यावा लागतो, तो वर्ग माझ्याकडे आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी दहावीनंतर पेशी हा शब्द उच्चारलेला नसतो. मी प्रत्येक तासाची तयारी इतकी करून जाते की रिक्षात बसल्यावरही ओठ हलत असतात. तरी चुकीचं काही तोंडून जाईल ही भीती सुटत नाही. पहिल्या तासाला मी तुमचाच खेळ खेळले, ‘जितं का मेलं?’ शाळेच्या फाटकाशी मला उलट्या व्हायच्या म्हणून तुम्ही वर्षभर मला सांगलीत पेवांच्या माळावर सोबत नेलंत, तेव्हा पोत्यांच्या सावलीत बसून आपण हा खेळ खेळायचो. दगड? मेला. बी? जितं. दही? मी अडखळायचे आणि तुम्ही मिशीत हसायचात. वर्गातली मुलंही दह्यापाशीच अडखळली, आणि मला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी घरी चालत गेले.

श्वसनाच्या तासाला मी पेवाचं उदाहरण घेतलं. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार सगळ्यांना पाठ, पण पेव कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून फळ्यावर काढून दाखवलं. वर माणूस जेमतेम जाईल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट, आतून शेणामातीनं लिंपलेलं, कडेनं उसाचा पाला, मध्ये हळद. वर्ष-वर्ष बंद राहिलेल्या पेवात हवेतला प्राणवायू संपत जातो, म्हणून उघडल्याबरोबर आत उतरायचं नसतं, असं मी सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. फलटणकडची, बी.कॉम.ला आहे, सहसा बोलत नाही. ती म्हणाली, “मॅडम, हळद उकडून वाळवलेली असती. म्हणजे ती मेलेलीच की. मग हवा संपवली कुणी?”

आप्पा, याचं उत्तर तुम्ही मला सहाव्या वर्षी दिलेलं आहे. मी हाच प्रश्न विचारला होता आणि तुम्ही एका पोत्यात हात घालून मूठ माझ्यापुढे उघडली होती. हळकुंडाच्या भुग्यात बारीक तपकिरी किडे चालत होते. “मेल्यावर जितं बसतंय,” तुम्ही म्हणालात, “त्येच श्वास घेतंय.” किडे, बुरशी, कुजणारा पाला, शेणामातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव. इतकं सोपं उत्तर. पण उभ्या उभ्या ते मला आठवलं नाही. साठ-सत्तर चेहरे माझ्याकडे बघत होते. आणि मी तुम्हाला पेवात उतरवलं. कंदील, दोरी, सगळ्यांच्या आधी उडी घेणारे माझे वडील. वर्ग गोष्टीत रंगला. त्या मुलीचा प्रश्नसुद्धा विरून गेला. तास संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, आमच्या अंगणातपण पेव आहे मॅडम, ज्वारीचं, माझ्या जन्माआधीपासून बंद. मिलिटरीतला चुलता सुट्टीवर आलाय, त्याला त्या जागेवर स्वयंपाकघर काढायचंय, खाली सडकी ज्वारी राहिली तर फरशी खचेल म्हणून रविवारी पेव उघडून उपसणार आहेत. मी म्हटलं, वा, छान.

रिक्षात बसल्यावर मला कळलं मी काय म्हणाले ते.

शुक्रवारी तिचा फोन लागला नाही. शनिवारी लागला. मी घाईघाईनं सांगितलं की उघडल्यावर बराच वेळ थांबा, तर तिनं फोन चुलत्याकडे दिला. त्यांचा आवाज मोठा आणि मोकळा. ते म्हणाले, काळजी नको मॅडम, पोरीनं समदं सांगितलंय, तुमच्या वडलांवानी दिवा सोडूनच उतरनार. त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की माझे वडील उतरत नव्हते. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्या मोकळ्या आवाजापुढे मला तुम्हाला भित्रा ठरवायचं नव्हतं. खरं तर स्वतःलाच.

तुम्ही मला एकदाच मारलंत. मी पेवाच्या तोंडाशी ओणवी होऊन आत बघत होते आणि पायातली चप्पल निसटून खाली गेली. तुम्ही दंडाला धरून मागे ओढलंत आणि गालफडात दिलीत. माळ तापलेला होता. तुम्ही स्वतःचे बूट काढून मला त्यात उभं केलंत आणि अनवाणी पायांनी एकदा हा, एकदा तो पाय उचलत राहिलात. एक हमाल म्हणाला, मुकादम, खाली दिवा चांगला जळतोय, घीऊन येऊ का चप्पल? मी आशेनं तुमच्याकडे बघते आहे. तुम्ही नकारार्थी मान हलवता आणि म्हणता, “दिवा जळतोय म्हंजे दिव्याला पुरतंय. मानसाला पुरंल का, ह्ये दिव्याला काय ठावं?” सगळे हसतात. मग तुम्ही दुसरा चहा मागवता. संध्याकाळी मला नव्या चपला मिळाल्या, जुनी वर आलेली असूनही.

रविवारी सकाळी मी फलटणची पहिली गाडी धरली. त्यांच्या गावच्या फाट्यावर मुलगी स्कूटर घेऊन आली होती, थोडी गोंधळलेली. मॅडम घरी येतात म्हणजे काहीतरी मोठंच असणार. वस्तीवर पोचलो तर पेवाची फरशी बाजूला सरकवलेली, चुलते बनियनवर, कमरेला दोरी, आणि पेवात कंदील सोडलेला. मी वाकून बघितलं नाही, लांबूनच उजेड दिसला. ते म्हणाले, या मॅडम, वेळेवर आला, दिवा फस्क्लास जळतोय. मी म्हटलं, नुकतंच उघडलंय, आणखी दोन-तीन तास जाऊ द्या. त्यावर त्यांनी लडाखचा विषय काढला. “आमाला पातळ हवेची सवय हाय. तितं चालताना मानूस धापा टाकतंय, ह्ये तर घरचं अंगान.”

आकडे मला तोंडपाठ होते. कंदील कशानं विझतो, माणूस कशानं कोसळतो, पहाडावरची विरळ हवा आणि खड्ड्यातली वापरलेली हवा यांत फरक काय, सगळं मी शिकवते. पण बनियन घालून कमरेला दोरी बांधलेल्या माणसापुढे तास घेता येत नाही. मी खाली बसले. पेवाच्या तोंडाशी, नेमकी तुम्ही बसायचात तशी, पाय दुमडून. आता उतरायचं तर त्यांना मला ओलांडून जावं लागलं असतं.

“मी खोटं सांगितलं होतं,” मी म्हणाले. “माझे वडील कधीच उतरले नाहीत. ते इथं असे बसायचे आणि दोन चहा घ्यायचे. तोवर कुणालाच उतरू द्यायचे नाहीत.”

 चुलत्यांना हसू आवरेना. “म्हंजे च्यासाठी आलाय व्हय मॅडम साताऱ्यास्नं?” पण घरी आलेल्या बाईमाणसाला, त्यात पुतणीच्या मॅडमना, उठा कसं म्हणणार? चहा आला. मी सावकाश प्यायले. मग कंदील मुळात किती खाली गेलाय, असं मी विचारलं. दोरी पुरली तेवढा, तळाला नाही टेकला, म्हणाले. गोठ्यातनं दुसरी दोरी आणून जोडली आणि कंदील आणखी खाली सोडला. ज्योत आधी बारीक झाली, मग निळसर झाली आणि गेली. वारं नव्हतं. कंदील वर ओढून पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच खोलीवर पुन्हा विझला.

 चुलत्यांनी कमरेची दोरी सोडली, ती गुंडाळत बसले आणि घराकडे तोंड करून म्हणाले, “आगं, मॅडमला आनखी एक च्या ठेव.” मग जरा थांबून, “आन मला बी.”

पेव उपसलं नाही. स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला काढायचं ठरलं, आणि पेव वरूनच मुरुमानं बुजवायचं. मी निघताना ट्रॅक्टर पहिली खेप घेऊन आला होता. मुलगी मला फाट्यावर सोडायला आली. वाटेत तिनं स्कूटरवर मान मागे वळवून विचारलं, “पण मॅडम, हवा संपवली कुणी?” मी तुमच्या मुठीतले किडे सांगितले, ‘मेल्यावर जितं बसतंय’ तेही तुमच्याच शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, मग हे वर्गात का नाही सांगितलं, हे तर भारीय.

परतीच्या गाडीत मला झोप लागली. दिवसाढवळ्या, एसटीत, खिडकीला डोकं टेकून. मला वाटायचं मी तुमच्यासारखी घाबरट निघाले, आणि ते लपवण्यात माझा अर्धा जीव जातो. तुम्हाला कशाची भीती होती हे मी कधी विचारलं नाही, आता विचारता येणार नाही, आणि आज प्रथमच ते विचारायचं राहिलं म्हणून चुकल्यासारखं वाटत नाही. तुमच्या पेवातून रोज सगळे वर यायचे. हसत, तुमची नक्कल करत, पण सगळे. मग पुढे महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि माळावरचं ते काम हळूहळू बंद पडलं, तेव्हा हमालांनी निरोपाला तुम्हाला कपबशीचा सेट दिला होता. तेव्हा मला तो टोमणा वाटला होता.

हे पत्र वर्गात वाचायचं असं आधी डोक्यात होतं. तसं करणार नाही. कागद हातात असला की मी कागदामागे लपते. ते माझ्याजवळच राहील, आणि मी तोंडी सांगेन. मला वाक्य बदलायची सवय आहे, म्हणून ते इथं पक्कं लिहून ठेवते: माझे वडील पेवात उतरले नाहीत, ते बसून राहिले. हसले तर हसू देत.

आणखी एक. चहानं मला अजूनही पित्त होतं, तुम्हाला माहीतच आहे. दोन्ही कप पूर्ण प्यायले, आणि रात्रभर जळजळ झाली. आज सोमवार. गुरुवारी, पहिल्या तासाला, हजेरी घ्यायच्या आधी सांगेन.