निळ्या हाताच्या पिक्चरमधला मित्र

बुधवार, कार्तिक वद्य पंचमी. सातारा.

आण्णा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला उद्देशून एक ओळही लिहिली नाही, त्याची आधी माफी मागते. अठरा वर्षं रोजनिशी चालू आहे. तीत शाळेतली नोकरी आहे, आईचं आजारपण आहे, तुमच्या नातीचे दात आणि परीक्षा आहेत, तुम्ही नाही. तुमच्याशी बोलायचं असं काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती. दिवाळीत ती अशी मोडली की अजून सावरलेली नाही. तीन वेळा लिहायला बसले आणि तीनदा वही मिटली.

तुमची नात आता पुण्याला कॉलेजात सिनेमा शिकते. सुट्टीसाठी तिला काम दिलं होतं: साधा माणूस सुपरहिरो कसा झाला हे सांगणारा एखादा जुना चित्रपट पुन्हा बघायचा आणि तो आणखी चांगला कसा करता आला असता ते लिहायचं. ती म्हणाली, "आई, आजोबांचा निळ्या हाताचा पिक्चर घेऊ?" मी म्हटलं, घे, पण त्यात सुधारण्यासारखं काही नाही. मी तो कधी पाहिला नव्हता, तरी इतक्या खात्रीनं बोलले, कारण तो मी तुमच्या तोंडून पंधरा-वीस वेळा तरी ऐकला होता. अजूनही दिसतं. तुम्ही दक्षिणेतून, गलाईच्या दुकानातून, जत्रेला घरी आलेले आहात. जुनं सोनं तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं, हे तुमचं काम. बोटांच्या पेरांवरचे पिवळे डाग घासून निघत नाहीत. आई चुलीपुढं भाकऱ्या थापते आहे, आम्ही दोघं भावंडं तुमच्या दोन बाजूंना, आणि ताटातला घास तसाच ठेवून तुम्ही तिकडं पाहिलेला पिक्चर सांगता आहात. दोन दोस्त एका कोंदट खोलीत कामाला. एकाच्या पुढच्या दातांत फट, त्यातून तो काम करता करता शिट्टी वाजवतो. तुम्ही ती वाजवून दाखवता, आम्ही लोळून हसतो. मग बरणी फुटते. तांबूस पिवळा धूर. हिरो पळत बोळात येतो, नळावर तोंड धुतो, आणि शिट्टी ऐकू येत नाही म्हणून थबकतो. टॉवेल भिजवून तोंडाला बांधतो, आत शिरतो, काखेत हात घालून दोस्ताला ओढत बाहेर आणतो. त्याला जमिनीवर ठेवतो तेव्हा ह्याचा तळहात निळा झालेला असतो, आणि त्या हातानं शिवेल ती आग विझते. "पावर बरणीतनं न्हाई आली बरं का," तुम्ही बोट वर करून म्हणायचात. "त्यो माघारी फिरला, तवा आली."

पाडव्याला दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही दोघी बघायला बसलो. जुना, दक्षिणेतला, निळा तळहात, एवढ्यावरून पोरीनं तो शोधून काढला होता. हिरो प्रयोगशाळेत एकटा. बरणी फुटते, पांढरा धूर निघतो, तो पडतो आणि दवाखान्यात जागा होतो तो निळा हात घेऊनच. नर्स किंचाळते. लगेच बागेत गाणं.

"थांब, मागं घे," मी म्हटलं. "मित्र राहिला."

"कुठला मित्र?"

तीनदा मागं घेतलं. शेवटच्या नावांपर्यंत पाहिलं. त्या पिक्चरमध्ये मित्र नाही, आण्णा. बोळ नाही, नळ नाही, शिट्टी नाही. माघारी फिरायला कोणी आत राहिलेलंच नाही.

पोरगी म्हणाली, "आजोबांना तिकडची भाषा येत नसेल गं तेव्हा. मनानंच जोडलं असेल. पण भारी जोडलंय, मी तर हेच लिहिणार." मलाही ते तासभर पटलं. मग चहा ठेवताना ती शिट्टी आठवली आणि मी गॅस बंद करून कपाटाकडं गेले. आईच्या पेटीतून आणलेला तुमचा तिकडच्या स्टुडिओतला फोटो काढला. मागं रंगवलेला धबधबा, तुम्ही ताठ, आणि तुमच्या खांद्यावर हात टाकून हसणारे तुमचे गलाईतले जोडीदार, आमचे म्हसवडचे काका. पुढच्या दोन दातांत बोटभर फट. ते गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. तिकडं तापानं गेले, एवढंच आम्हाला सांगितलेलं. मी कपाटासमोर फरशीवरच बसले.

कारण त्याच वेळी दुसरंही आठवलं. मी सातवीत. पुस्तकं वाचून शहाणी झालेली. तुम्ही पिक्चर सांगत नळापर्यंत आलात आणि मी म्हणाले, "आण्णा, त्यो दोस्त काढून टाका की. उगंच मधी येतो. हिरो एकटाच पळून सुटला तर पिक्चर लय भारी हुईल." तुमच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. "व्हय?" तुम्ही म्हणालात. "काढून टाकू म्हन्तीस?" आई चुलीपुढून गर्रकन वळली, "जिभंला काय हाड हाय का न्हाई गं तुझ्या!" तुम्ही तिला हातानं थांबवलंत, ताटातच हात धुतलात आणि उठलात. त्यानंतर तो पिक्चर तुम्ही कधी सांगितला नाहीत. माझी सूचना पटली नाही म्हणून रुसलात, असं मी इतकी वर्षं समजत होते.

विचारायला आई उरली नव्हती. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी मी म्हसवडला काकांच्या घरी गेले. तुमच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा. देवळामागचं तेच घर, काकू उंबऱ्याशी सुपात हुलगे निवडत बसलेल्या, अंगावर विटलेलं हिरवं लुगडं. मी कोण ते सांगितलं.

"आत्ता! बा मेल्यावर वाट घावंना व्हय गं तुला?"

मी खाली मान घालून पिक्चर सांगायला लागले. दुसरं कसं विचारायचं ते सुचेना. काकू ऐकत राहिल्या. शिट्टीपाशी त्यांचा हात सुपात थांबला. "शिट्टी बी सांगितली व्हय त्येनं?" त्या हसल्या. मग शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "मग पिक्चरात त्यो दोस्त वाचला?"

"वाचला."

"बरं झालं."

त्यांनी सुपातला खडा वेचून अंगणात टाकला. मग म्हणाल्या, "तुझा बा आत गेला न्हाई, पोरी. फुडच्या जत्रंला आला, हितंच बसला, पानी बी प्याला न्हाई. म्हनला, वैनी, मी पळालो. नळावर तोंड धुतलं. माघारी फिरावं म्हनलं तर पाय उचलंना. लोकांनी वढून काढला तवा शिट्टीवाला गेलता. मला खरं सांगितलं त्येनं. तुमास्नी पिक्चर सांगितला."

मी काहीतरी विचारलं, काय ते आठवत नाही. त्या सांगत होत्या, "तीन जत्रा मी त्येच्यासंगं बोलले न्हाई. उंबऱ्यावर लुगडं ठिवायचा अन् जायचा. अन् ते बी हिरवं! नवरा मेलेल्या बाईला हिरवं कोन आनतंय गं? मी तसंच उचलून शेजारनीला द्यायची. चवथ्या साली न ऱ्हावून इचारलं, आवं भावजी, अक्कल गहान ठिवलीया का? तर म्हनला, वैनी, त्येनं तुमच्यासाठी हिरवं बघून ठिवलं हुतं पेठंत. जत्रंला जाताना घ्यायचं म्हनला हुता." काकूंनी पदराचं टोक बोटांत धरलं. "त्या साली नेसले. बाया बोलल्या. बोलूंद्या."

"रागावला नाहीत त्यांच्यावर?"

"रागावले की! अजून हाय राग. पन त्यो येत हुता. न्हाई आला असता तर कोन इचारनार हुतं त्येला?"

परतीच्या गाडीत मी गोंदवल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि काही दिसत नव्हतं. तुम्ही आत गेला नाहीत ह्याचा धक्का मोठा, की ते तुम्ही काकूंना तोंडावर सांगितलंत ह्याचा, हे अजून ठरवता येत नाही. एवढं कळतं की माझ्या सातवीतल्या तोंडून तुम्ही तुमचीच खरी गोष्ट ऐकलीत. दोस्त काढून टाका, हिरो एकटाच सुटू दे. आई का वळली तेही आता कळतं.

घरी पोरीला सगळं सांगितलं. तिनं वही पुढं ओढली. मग म्हणाली, "आई, मग मी काय लिहू? तो माघारी फिरतच नाही?" मी म्हटलं, "फिरतो. पण उशिरा फिरतो, आणि दरवर्षी फिरतो." तिनं ते लगेच लिहून घेतलं. आणि मला वाटलं, हे मी तुमच्यासाठी बोलले की मला बरं वाटावं म्हणून? मी पुन्हा पिक्चर सुधारायलाच निघाले होते. काकूंचा राग अजून आहे, तो त्या वाक्यात कुठंच नव्हता. पोरीला ते खोडायला सांगितलं. तिनं खोडलं की नाही, मी पाहिलं नाही.

आता शेवटचं, जे ह्या वहीबाहेर कुणाला सांगणार नाही. वीस वर्षं मी तुमची गोष्ट वर्गात सांगत आले आहे, चित्रपटातली म्हणून. यंदा खरं सांगायचं ठरवलं होतं. आज नववीत एक मुलगी म्हणाली, "बाई, निळ्या हाताचा पिक्चर सांगा ना, आमच्या ताईला सांगितला होतात." मी सुरू केलं. नळापाशी आले. हिरो तिथं ओल्या तोंडानं उभा, आणि सगळा वर्ग माझ्याकडं बघतोय. पुढचं वाक्य जिभेवर होतं. जीभ उचललीच नाही. मी त्याला टॉवेल दिला आणि आत पाठवलं, आण्णा. मित्र वाचला. मी शिट्टीसुद्धा वाजवली, चुकीची वाजली, पोरं हसली.

म्हसवडच्या रथाच्या जत्रेला दहा दिवस राहिले आहेत. येते असं मी काकूंना म्हणाले नव्हते. त्यांनीही बोलावलं नाही.

उद्या : शाळा सुटल्यावर पेठेत जाऊन हिरवं नऊवारी बघणे.